तापातल्या माणसाला वरणाचं पाणी पुरत नाही

इंदुरातल्या मराठी घरांत कुणी तापानं पडलं की पेज, साबुदाण्याची खीर आणि वरणाच्या वरचं पाणी सुरू होतं. पोटाला हलकं, हे खरं. पण खिरीतलं दूध सोडलं तर त्यात प्रथिनं नावापुरतीच असतात, आणि नेमकी त्याच दिवसांत ती जास्त लागतात.

जंतूंना धरणारी प्रतिपिंडं म्हणजे प्रथिनंच. संसर्गात पांढऱ्या पेशी भराभर वाढतात, त्यांनाही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक, हवीत. ताटातून मिळाली नाहीत तर शरीर ती स्नायू मोडून मिळवतं. ताप उतरल्यावर जिना चढताना पाय लटपटतात, त्याचं हे एक मोठं कारण.

निरोगी माणसाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम, असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) २०२० चं प्रमाण आहे. आता आपली सकाळची प्लेट पाहा. ५० ग्रॅम पोह्यांत साडेतीन ग्रॅम, वर मूठभर शेव टाकली तर अजून दोनेक. जिलबीचं तर सोडाच. त्याच पोह्यांत २५ ग्रॅम शेंगदाणे घातले की सहा ग्रॅम वाढतात.

वरणात फसगत होते ती पाण्यामुळे. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत साडेसहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात. तीच डाळ चार वाट्यांत पुरवली तर वाटीमागे दीड-पावणेदोनच ग्रॅम येतं. शिवाय डाळ तळाशी बसते आणि आजाऱ्याला मिळतं वरचं पाणी. त्याऐवजी ३० ग्रॅम मूगडाळ मऊ शिजवा, रवीनं घोटून एकजीव करा, हिंग-जिऱ्याची फोडणी द्या आणि दोन-तीन तासांनी अर्धी-अर्धी वाटी द्या. मधे दही किंवा उकडलेलं अंडं. एका अंड्यात सहा ग्रॅम.

भात मात्र बंद करू नका. उष्मांक कमी पडले की शरीर प्रथिनंच जाळतं. शिवाय धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं ते डाळ भरून काढते, म्हणून वरण-भाताची जोडी पक्की. झारखंडात क्षयरुग्णांच्या घरच्यांना दर मोठ्या माणसामागे महिना ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्म पोषकांच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्यांच्यात क्षय होण्याचं प्रमाण असा शिधा न मिळालेल्या घरच्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. २०२३ साली हे प्रसिद्ध झालं. श्रेय एकट्या डाळीचं नाही, पण प्रथिनांच्या पावडरीच्या महागड्या डब्यांचं तर नाहीच.

पुरेसं खाणाऱ्यानं वरून पावडर घेतली म्हणून प्रतिकारशक्ती वाढत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातलं काहीही वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.