अळूवडीचा उंडा: आमची वाटचाल

डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रांना तोटा नाही. कामावरून लोकलने परतणारी बाई स्टेशनबाहेरून पोळ्या आणि एखादी उसळ घेऊनच घरी जाते. सासूबाई, जाऊबाई आणि मी मिळून घरातूनच सुरू केलेलं आमचं कामही तेच होतं. श्रावण लागला की मात्र सगळ्यांची एकच विचारणा: अळूवडी मिळेल का? पानं निवडा, शिरा काढा, पीठ कालवा, थर लावा, वळा, वाफवा, गार करा, कापा, तळा. नोकरी करणाऱ्या घरात एवढी सवड काढायची कुठून?

म्हणजे वडी आधी करून ठेवायला हवी. पण कुठवर करून ठेवायची, हे ठरवण्यात आमची सुरुवातीची वर्षं गेली. तळलेली वडी डब्यात घातली की स्वतःच्याच वाफेने मऊ पडते. वाफवून कापून ठेवली तर कडा सुकतात आणि तेलात पदर सुटतात. नुसती वळून ठेवली तर ते सगळ्यात वाईट: मीठ आणि चिंच-गुळाने पानांना पाणी सुटतं, पीठ सैल होतं, पावसाळी हवेत आंबतंही. शेवटी वाफवलेला अख्खा उंडा विकायचं ठरलं. न कापल्यामुळे ओलावा आतच राहतो. कापणं आणि तळणं गिऱ्हाइकाकडे, बाकी सगळं आमच्याकडे.

यातलं खरं काम पानाचं. आम्हाला वडीचं अळू लागतं, जांभळट-काळ्या देठाचं. फदफद्याचं हिरवं अळू चालत नाही. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, घसा खवखवतो तो त्यांनी. म्हणून चिंचेचा कोळ सढळ हवा आणि वाफही पुरती हवी. पान पालथं घालून मागची जाड शीर सुरीने तासायची, वरून हलकं लाटणं फिरवायचं. मग मोठं पान खाली, त्याच्या मागच्या बाजूला पीठ, त्यावर उलट्या दिशेने टोक करून दुसरं पान. बेसनाच्या पाव हिस्सा तांदळाची पिठी, तीळ, ओवा, हिंग, गोडा मसाला. पिठी वाढवली की वडी कुरकुरीत होते खरी, पण कापताना भुगा होतो. थर पातळ हवा, पान जेमतेम झाकेल इतकाच. वळताना हात घट्ट नसेल तर मधे पोकळी राहते आणि तळताना तिथे तेल भरतं. आमच्या मावशींचा उंडा कुठूनही कापा, चक्री सारखीच दिसते. हे हातातलं कसब आहे आणि त्याचा मोबदला आम्ही वेगळा देतो.

2020 च्या टाळेबंदीत सोसायट्या एकत्र ऑर्डर देऊ लागल्या. लोकांना आठवडाभर टिकेल असं काही हवं होतं, आणि फ्रिजमधला उंडा दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवा असं आम्ही कधीच सांगितलं नाही. बचत गटाचं कर्ज काढून डीप फ्रीजर घेतला. उणे 18 अंशांवर ठेवलेल्या उंड्याची चव टिकते, पण आधीची तयारी चोख लागते. उंडा पंख्याखाली पुरता गार करायचा, वरचं पाणी कोरड्या फडक्याने टिपायचं, ताटात सुटे सुटे गोठवायचे आणि मगच पिशवीत भरायचे. कोमट उंडा भरला की पिशवीत बर्फ धरतो आणि तळताना तेल उडतं.

प्रत्येक पाकिटात आम्ही एक चिठ्ठी घालतो. आदल्या रात्री उंडा फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नको. पूर्ण मऊ पडायच्या आत, जरा कडक असतानाच, धारदार सुरीने कापा. काप स्वच्छ पडतो. तेल मध्यम आचेवर, एका वेळी थोड्याच वड्या. तळण नको असेल त्यांनी तव्यावर थोड्या तेलात परतून वर तीळ-मोहरीची फोडणी आणि ओलं खोबरं घालावं. माझ्या घरी अशाच होतात, आणि मला त्याच जास्त आवडतात.

पाकिटावर एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर असतो आणि उंडा वाफवल्याची तारीखही. ती तारीख न घालता माल घेतो असं सांगणारे दुकानदार भेटले. त्यांना आम्ही माल दिला नाही. तयार तळलेल्या वड्या आजही मागतात लोक. त्या आम्ही देत नाही, लग्नाच्या ऑर्डरलासुद्धा नाही. तिथे आमची माणसं जाऊन पंगतीच्या वेळी तळतात.

यंदा कोथिंबीरवडीचे उंडेही सुरू केले आहेत. गौरीच्या जेवणासाठी आणि पितृपक्षासाठी मागणी एकदम येते, आणि त्या दिवसांत कल्याणच्या बाजारात वडीचं अळू भल्या पहाटेच संपतं. तेव्हा या दोन्हींची ऑर्डर आठवडाभर आधी कळवा. सोवळ्यातला स्वयंपाक असेल तर तेही सांगा. ते उंडे सासूबाई स्वतः वेगळे वळतात आणि ते फ्रीजरमध्ये जात नाहीत, त्याच सकाळी घरपोच होतात.