ब्लॉक मागा, स्लाइड नको

सगळ्यात आधी हे सांगते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या बायोप्सीवर नवी टेस्ट करायची असेल, तर हॉस्पिटलच्या खिडकीवर ‘रिपोर्ट द्या’ म्हणू नका आणि ‘स्लाइड द्या’ तर मुळीच म्हणू नका. ‘पॅराफिन ब्लॉक हवाय’ असंच म्हणा, म्हणजे मेणात रुतवून जपलेला बायोप्सीचा मूळ तुकडा. हा एक शब्द माहीत नसल्यामुळे माझी फरफट झाली आणि २१ दिवस गेले. आईच्या आजारात २१ दिवस म्हणजे केमोचं एक अख्खं चक्र.

आईला २०२२ मध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. तेव्हाचे उपचार ठरल्याप्रमाणे पार पडले. रेडिएशनचे २५ शेक, आठवड्याला एक सिस्प्लॅटिन नावाची केमो, शेवटी आतून द्यायचं रेडिएशन. त्यानंतर दर तीन महिन्यांनी तपासणी आणि एससीसी नावाची, आजार परतलाय का याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट. आमच्या लॅबच्या कागदावर ती १.५ च्या आत हवी होती आणि दोन वर्षं तशी राहिलीही. २०२४ च्या पावसाळ्यात ती आधी ३.८ आली, मग ७.२. तेवढ्यात आईच्या डाव्या बाजूला, मानेच्या मुळाशी वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. सुई घालून तपासलं तर आजार तोच निघाला.

डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढून समजावलं. गाठीच्या पेशी पीडी-एल-१ नावाचं प्रथिन अंगावर मिरवतात. ते पाहून आपल्या पांढऱ्या पेशी त्यांना घरचेच समजतात आणि सोडून देतात. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध पांढऱ्या पेशींवरची ती ओळखीची जागा अडवून बसतं, मग त्या पुन्हा कामाला लागतात. पण ते केमोसोबत द्यायचं की नाही, हे ठरवायला गाठीच्या तुकड्यावर पीडी-एल-१ रंगवून बघावं लागतं. रंग धरलेल्या गाठीच्या पेशी आणि आसपासच्या रंगलेल्या पांढऱ्या पेशी एकत्र मोजायच्या, गाठीच्या एकूण जिवंत पेशींनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. या आकड्याला सीपीएस म्हणतात. तो १ किंवा जास्त आला तर औषधाचा विचार.

‘मानेतल्या गाठीचं सॅम्पल आहेच की,’ मी म्हटलं. ते चालत नाही. सुईतून आलेल्या पेशी काचेवर नुसत्या पसरलेल्या असतात, या हिशेबाला अखंड तुकडा लागतो आणि त्यात निदान १०० जिवंत गाठपेशी लागतात. म्हणजे २०२२ ची मूळ बायोप्सी. ती ठाण्यातल्याच ज्या हॉस्पिटलात झाली होती, तिथून आणायची. ‘दोन दिवसांचं काम आहे,’ डॉक्टर म्हणाले. बिचारे त्या खिडकीवर कधी उभे राहिले नसणार.

मंगळवार, २४ सप्टेंबर. खिडकी तळघरात, झेरॉक्सच्या मशीनला चिकटून. मी ‘बायोप्सीचं सॅम्पल हवंय’ म्हटलं. आतले दादा म्हणाले, ‘स्लाइड मिळतील, अर्ज लिहा.’ लिहिला. गुरुवारी प्लास्टिकच्या डबीत चार स्लाइड मिळाल्या. मला वाटलं, जिंकले. शुक्रवारी दहा नंबर फलाटावरून वाशी लोकल धरली, घणसोलीला उतरून रिक्षाने महाप्याच्या लॅबमध्ये गेले. तिथल्या मुलीने एक स्लाइड ट्यूबलाइटसमोर धरली. गुलाबी-जांभळा डाग. ‘ताई, या आधीच रंगवलेल्या आहेत, आम्हाला चालत नाहीत. ब्लॉक आणा.’ ब्लॉक म्हणजे काय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

सोमवारी पुन्हा तळघर. ‘ब्लॉक देत नाही. हरवला तर जबाबदार कोण?’ आज शांत डोक्याने मान्य करते, की दादांचा मुद्दा खरा होता. स्लाइड पुन्हा बनवता येते, ब्लॉक एकदाच असतो. पण मग काय करायचं ते तरी सांगा! डॉक्टरांचं पत्र लागेल. आणलं. पत्रात बायोप्सीचा नंबर नाही. तो लिहून आणला. पेशंटची सही लागेल. घरून सही घेऊन गेले, तर सही समोर व्हायला हवी. सहासष्ट वर्षांच्या आईला कळव्याहून रिक्षाने आणलं, तळघराच्या बारा पायऱ्या धरून उतरवलं. तिने सही केली. मग आधार कार्डाची झेरॉक्स. शेजारचं मशीन त्या दिवशी बंद. मग २०२२ च्या बिलाची मूळ प्रत. ती आमच्या फाइलमध्ये होती, हे माझं नशीब. यातली एकही गोष्ट आदल्या फेरीत कुणी सांगितली नाही. दर वेळी नवा कागद. कागदांची यादी भिंतीवर चिकटवली असती, तर एका खेपेत काम झालं असतं. भिंतीवर फक्त ‘येथे थुंकू नये’ असं होतं.

सगळं झाल्यावर कळलं, की ब्लॉक इथे नाहीतच. जुने ब्लॉक बाहेरच्या गोडाऊनला असतात आणि गाडी शनिवारी येते. तो शनिवार दसऱ्याचा निघाला. नवरात्रात टेंभीनाक्याच्या देवीच्या गर्दीतून वाट काढत मी किती वेळा गेले-आले असेन, पण एकदाही दर्शनाला थांबावंसं वाटलं नाही, इतकी चिडले होते.

इथे मध्येच एक सांगून टाकते, नाहीतर विसरेन. एससीसी एकदा वाढलेली दिसली म्हणून घाबरू नका, पुन्हा करून बघा. सोरायसिससारखा त्वचेचा आजार असेल किंवा किडनीचा त्रास असेल, तरी ती वाढते. सॅम्पलला थुंकी किंवा कातडीचे कण लागले तरी आकडा फुगतो. आईचीही दुसऱ्यांदा केली म्हणून खात्री पटली. शिवाय ही टेस्ट स्क्वेमस, म्हणजे वरच्या थरातल्या चपट्या पेशींच्या कॅन्सरमध्येच कामाची. तुमच्या रिपोर्टवर अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर असेल, तर तिच्यावर विसंबू नका.

सोमवारी, १४ तारखेला गाडी आली. दादांनी दोन ब्लॉक पुढे ठेवले, ए१ आणि ए२. ‘कुठला पाहिजे?’ मला काय ठाऊक! माझा आवाज चढला आणि तो ऐकून आतल्या दारातून पॅथॉलॉजिस्ट मॅडम बाहेर आल्या. त्यांनी जुन्या स्लाइड मागवल्या, मायक्रोस्कोपखाली घातल्या. पाच मिनिटांत म्हणाल्या, ‘ए१ मध्ये बहुतेक साधा भाग आहे, गाठ ए२ मध्ये आहे. ए२ न्या.’ मग विचारलं, ‘आधी माझ्याकडे का नाही आलात?’ मॅडमच्या दारावर पाटी नव्हती, म्हणून. तुम्ही मात्र खिडकी सोडा आणि थेट पॅथॉलॉजिस्टला भेटा. पाचशे रुपये डिपॉझिट भरून, ३० दिवसांत परत करीन असं लिहून दिलं आणि ब्लॉक हातात आला.

पिवळ्या प्लास्टिकची छोटी जाळीदार चौकट, काडेपेटीहून जरा लहान. कडेला पेन्सिलने नंबर. आत पांढरं मेण आणि मेणात रुतलेला फिकट तपकिरी कण, भिजवलेल्या मसुराएवढा. आई रिक्षात बसली होती. तिने तो हातात घेतला, चष्मा वर करून उलटसुलट बघितला. ‘एवढंच?’ म्हणाली. मग म्हणाली, ‘ऊन लागू देऊ नको गं, वितळेल.’ हे मॅडमनीही सांगितलं होतं. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका, हे मेण साठेक अंशांच्या आसपास वितळतं. मी रुमालात गुंडाळून रिकाम्या टिफिनमध्ये ठेवला आणि तो टिफिन घणसोलीपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. तुमचा ब्लॉक पाच वर्षांहून जुना असेल, तर लॅबला आधी विचारा. जुन्या ब्लॉकमध्ये पीडी-एल-१ चा रंग कमी उमटू शकतो.

पाच दिवसांत रिपोर्ट आला. सीपीएस १२. मी स्वयंपाकघरात एकटीच रडले.

डॉक्टरांनी मात्र आनंदाला लगाम घातला. हे औषध ज्या अभ्यासामुळे २०२१ मध्ये केमोसोबत पुढे आलं, त्या कीनोट-८२६ मध्ये ६१७ बायका होत्या. त्यातल्या ५४८ जणींचा सीपीएस १ किंवा जास्त होता. या ५४८ जणींत दोन वर्षांनंतर औषधाच्या गटात शंभरातल्या ५३ हयात होत्या, नुसत्या केमोच्या गटात सुमारे ४२. आकडा चांगला आला म्हणजे औषध लागू पडणारच असं नाही, शक्यता वाढते इतकंच. मी हिशेब केला, की दहातल्या नऊ जणींचा आकडा १ किंवा जास्त असतो, मग एवढी धावपळ कशाला? ते म्हणाले, उरलेल्या दहाव्या बाईसाठी. तिला लाखोंचा खर्च आणि थायरॉइडपासून फुप्फुसापर्यंतचे दुष्परिणाम फुकट कशाला द्यायचे? उत्तर पटलं. तरी खरं सांगू, आमच्या इन्शुरन्सवाल्यांना हाच कागद हवा होता. तो नसता तर पूर्वमंजुरीच मिळाली नसती.

आईचे आता दोन डोस झालेत. थकवा आहे. गाठ कमी झाली की नाही ते पुढच्या स्कॅनला कळेल.

ब्लॉक दिवाळीनंतर परत केला. परत घेतानाही पेशंटची सही लागते म्हणून आईला पुन्हा पायऱ्या उतरवलं. ‘परत द्यायलाच हवा का? माझाच आहे ना?’ तिने विचारलं. दादा पहिल्यांदाच हसले. ‘आजी, सांभाळून ठेवतो.’ मग पावतीवर शिक्का मारून म्हणाले, की डिपॉझिट वरच्या मजल्यावर अकाउंटला मिळेल, ती खिडकी दोनला बंद होते. आईला घेऊन वर पोचलो तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.