लावणीच्या दिवसांत

मंगळवार, रात्री

वीज दुपारी गेली ती अजून आलेली नाही. कंदिलाच्या उजेडात लिहितेय. सकाळपासून पावसाला खळ नाही, व्हाळ दुथडी भरून वाहतोय आणि ओटीवर वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओलसरच आहेत. आषाढात असे दिवस ओळीने आले की मला मनावर लक्ष ठेवावं लागतं. एरवीही ठेवते, पण या दिवसांत जरा जास्त. ऊन नाही, बाहेर पडणं नाही, दुपारी अंथरुणाला पाठ टेकली की उठवत नाही.

मे २०२१च्या तौक्ते वादळात आमची हापूसची जुनी कलमं मुळासकट आडवी झाली. पंचनामे झाले, लाकूड फोडून झालं, मी मात्र त्यानंतर कित्येक महिने बसून राहिले. पहाटे तीनला जाग यायची. जेवणाला चव नसायची. कुणी उंबऱ्यावर आलं तरी आत जाऊन पडावंसं वाटायचं. घरचे म्हणायचे, झाडांचं मनाला लावून घेतलंय, होईल हळूहळू. शेवटी नवऱ्यानेच ओरोसला जिल्हा रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं, कारण थायरॉइड बिघडला किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस असाच गळून जातो. ते सगळं ठीक निघालं. मग नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं. दोनदा बजावलं ते बरं झालं. इथे तिसऱ्या दिवशी ‘काय फरक नाय’ म्हणून गोळ्या फळीवर टाकणारी माणसं मी पाहिली आहेत.

त्यांची आणखी एक गोष्ट मी धरून ठेवली. मन होईल तेव्हा काम करेन असं म्हणत बसायचं नाही, घड्याळ बघून काम करायचं, मन मागून येतं. तेव्हापासून सकाळी उठले की आधी अंगणात जाते, पाऊस असला तर छत्री घेऊन. उजेड डोळ्यांवर पडला पाहिजे. आंघोळ, पेज, गुरांचं बघणं या ठरल्या वेळा मी मोडत नाही. रात्री फोन उशाशी ठेवत नाही. कुणाला हे फार साधं वाटेल. ज्याने ते दिवस काढलेत त्याला विचारा, पहाटे जाग आल्यावर सातपर्यंत तग धरायला या साध्या गोष्टींचाच आधार असतो.

गुरुवार

खालच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, लावणी. आम्ही सहासात बायका, डोक्यावर प्लास्टिकचे कागद. तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी डाव्या हातात, उजव्या हाताने दोनतीन रोपं सुटी करायची आणि अंगठ्याने चिखलात दाबायची. पाय मागे, परत दोनतीन रोपं. चिखल पोटरीपर्यंत गार असतो आणि कंबर दुखून येते, पण दोन तास डोक्यात दुसरा विचार शिरत नाही. शिवाय बायका बोलतात. सुनेचं, कर्जाचं, नवऱ्याच्या दारूचं, सगळं वाकून, खाली बघत. समोरासमोर बसून जे ओठावर येत नाही ते लावणीत निघतं. आता मजूर मिळत नाहीत म्हणून शेतं पड टाकतात, त्यात भाताबरोबर हेही गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

शेजारची सून आज आली होती, पण एक शब्द बोलली नाही. तिचा नवरा ट्रॉलरवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, म्हणजे एकसष्ट दिवस घरी. मिळकत बंद, कर्जाचा हप्ता चालूच. पोरगी दोन वर्षांची. मी तिला तीनदा हाक मारली तेव्हा तिने मान वर केली. तिचे डोळे मला ओळखीचे वाटले.

शुक्रवार, संध्याकाळी

टाकळ्याची भाजी घेऊन तिच्याकडे गेले. घरात ती आणि पोरगी. ‘इलंय गो, चाय ठेव,’ म्हटलं. चहा झाला तरी गप्पच. शेवटी म्हणाली, ‘काकी, माका कायेक सुचणा नाय. रात्री झोप येणा नाय. सासूबाय म्हणतत बाहेरचा कायतरी असा, देवळात गाऱ्हाणा घालूक व्हया.’

मी तिला नाही म्हटलं नाही. गाऱ्हाण्याला मी फार मानते. ग्रामदेव रवळनाथासमोर मानकरी उभा राहून एकेकाचं संकट मोठ्याने सांगतो आणि सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. आपलं दुःख चारचौघांत मांडायची आणि चारचौघांनी ते ऐकून घ्यायची ही रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. घरात मात्र आपण ती पाळत नाही, घरात ‘गप रव, लोक काय म्हणतील’ एवढंच ऐकू येतं. म्हणून तिला सांगितलं, गाऱ्हाणं घाल आणि डॉक्टरही बघ. देव काही त्याला आड येणार नाही.

मग सरळच विचारलं, ‘जिवाचा काय बरावाईट करूचा मनात येता काय गो?’ असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात येतो, असं लोक समजतात. तसं होत नाही. विचारलं की माणूस मोकळा होतो, हे जाणकार डॉक्टर सांगतात आणि मी स्वतः अनुभवलंय. ती पोरीकडे बघत बसली. मग म्हणाली, ‘तसा नाय. पण जगान काय करूचा असा वाटता.’

यावर मी तिला एकही उपदेश केला नाही. पोरीकडे बघ, देवाने सगळं दिलंय, यातलं काही नाही. माझ्या वेळी ही वाक्यं मला टोचायची. तिचा हात धरून बसले. मग माझ्या फोनवरून १४४१६ लावला. टेलिमानस, सरकारची फुकट सेवा, रात्री-अपरात्रीसुद्धा चालू, मराठीत बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून आहे, तरी आमच्या वाडीत कुणाला ठाऊक नाही. पहिल्यांदा पावसामुळे रेंज गेली. दुसऱ्यांदा लागला. ती आत जाऊन बराच वेळ बोलली, मी पोरीला पेज भरवली.

बाहेर आल्यावर तिलाच विचारलं, नवऱ्याला सांगू का. हो म्हणाली. तो किनाऱ्यावर जाळं शिवत बसला होता. सुई थांबली. ‘माका वाटला ती माझ्यावर रागावली असा,’ एवढंच बोलला. घरातले विळे-कोयते आणि शेतीची औषधं कुलपात ठेव, तिला एकटी ठेवू नको, एवढं मी त्याला स्पष्ट सांगितलं. अशा वेळी आडवळणाने बोलून चालत नाही.

शनिवार

काल झोप नीट लागली नाही. दुसऱ्याचं ऐकून घेतलं की आपल्यावरही त्याचा भार येतो. म्हणून आज लावणीला गेले नाही. दुपारी पुण्याला लेकाला फोन केला. आमचं बोलणं ठरलेलं: जेवलास का, पाऊस आहे का, गणपतीला कधी येतोस. आज म्हटलं, बाबू, तुझं मन कसं आहे? पलीकडे शांतता. फोन कट झाला असं वाटलं. मग हळूहळू सांगू लागला, कामाचा ताण, खोलीत एकटं वाटणं, रविवारी दिवसभर लोळून राहणं. मी फक्त ऐकलं. शेवटी एवढंच म्हटलं की संध्याकाळी मित्रांबरोबर चालायला जा आणि बुधवारी मला परत फोन कर. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर तिथे डॉक्टरकडे जायचं, हेही त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

रविवार

उद्या सकाळच्या एसटीने आम्ही तिघं ओरोसला जाणार. ती, तिचा नवरा आणि मी. पोरगी सासूबाईंकडे राहील. सासूबाई आज स्वतःहून म्हणाल्या की आधी डॉक्टरकडे जाऊन या, गाऱ्हाणं सोमवारी रात्री घालू. १ ऑगस्टपासून बोटी निघतील आणि तो दिवसचे दिवस समुद्रावर असेल. तेव्हा गोळ्या दिल्या तर त्या वेळेवर घेते की नाही हे कोण बघणार, ते आजच ठरवलं: सकाळची सासूबाई, रात्रीची मी.