अविंध आणि कानफाटे: मिरजगाव ते कंदर

त्र्यंबकेश्वराहून ज्येष्ठात निघणाऱ्या संत निवृत्तिनाथांच्या पालखीत मी मिरजगावला सामील झालो, कारण त्याआधीचा दिवस मला श्रीगोंद्यात घालवायचा होता. दिंडीची भिशी, म्हणजे जेवणाखर्चाची वर्गणी, आधीच भरली होती आणि उशिरा येणार असल्याचे विणेकऱ्यांना कळवले होते. फोनवर त्यांनी एवढेच विचारले, "श्रीगोंद्याला कुणाकडं?" मी म्हणालो, "शेख महंमद बाबांकडे." त्यावर उत्तर आले, "मग या सावकाश, माऊली."

श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. सतराव्या शतकात याच गावात राहून शेख महंमदांनी मराठीत ओव्या आणि अभंग लिहिले. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे त्यांना गुरुस्थानी मानत. त्यांचे स्वतःचे गुरू चांद बोधले हे कादिरी सूफी परंपरेतले, आणि परंपरा असे सांगते की देवगिरीचे जनार्दनस्वामी हेही याच चांद बोधल्यांचे शिष्य. जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथ, म्हणजे गुरुघराण्याच्या नात्याने शेख महंमद नाथांचे चुलतगुरूच लागतात. पैठणच्या ज्या एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांना एकमेकांशी तोंडभर भांडायला लावणारे भारूड रचले, त्यांच्या गुरुपरंपरेच्या मुळाशी एक सूफी असावा, याचे मला श्रीगोंद्याला समाधीपुढे बसल्यावर फारसे नवल वाटेनासे झाले.

शेख महंमदांचा मुख्य ग्रंथ 'योगसंग्राम' 1645 साली पूर्ण झाला. त्यात अठरा प्रसंग आहेत; अध्यायाला ते प्रसंग म्हणतात. नावावरून आसनांचे आणि प्राणायामाचे पुस्तक वाटते, पण यातला योग म्हणजे लढाई आहे: मनाच्या घोड्यावर स्वार झालेला जीव अहंकाराशी आणि विकारांशी झुंजतो आणि ईश्वरापर्यंत वाट काढतो. हल्ली शेख महंमदांचा उल्लेख आला की वक्ते त्यांना ऐक्याचे प्रतीक म्हणून मोकळे होतात. ग्रंथ वाचणाऱ्याला मात्र त्यात भेटतो तो बराच कडक माणूस. क्षुद्र दैवतांपुढे जनावरे कापणाऱ्यांवर आणि शिष्यांच्या जिवावर पोट भरणाऱ्या भोंदू गुरूंवर ते असे कोरडे ओढतात की सत्काराच्या व्यासपीठावर त्यांना बसवायला कोणी धजावणार नाही.

मनाच्या घोड्याचा अर्थ मला करमाळ्याच्या अलीकडे कळला, आणि तोही तळपायाकडून. उजव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला होता आणि डांबरावर पाय टेकला की डोळ्यांपुढे काजवे चमकत. दिंडीच्या ट्रकमध्ये बसावे, दोन मुक्काम तरी बसावे, वय झाले आहे, कोण विचारणार आहे, असे मन सकाळपासून समजावत होते; आणि गंमत अशी की त्याचा एकही युक्तिवाद चुकीचा नव्हता. दुपारच्या विसाव्याला दिंडीतल्या एका मावशींनी पिशवीतून सुई काढली, पांढरा दोरा ओवून तो हळद कालवलेल्या तेलात बुडवला आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने बाहेर काढला. दोरा त्यांनी तसाच आत ठेवला आणि दोन्ही टोके बोटभर सोडून तोडली. "पाणी झिरपू द्या. कातडं काढायचं नाही. आन् ट्रककडं बघायचं नाही," असे म्हणून त्या हात पुसत उठल्या. मी ट्रककडे बघत होतो हे त्यांना कसे दिसले, हे मी विचारले नाही.

त्या रात्री हरिपाठानंतर विणेकऱ्यांनी मला श्रीगोंद्याचा एखादा अभंग म्हणायला सांगितले. गळा बेताचाच असूनही मी म्हटला: "ऐसे केले या गोपाळें, नाही सोवळे ओवळे." केतकीच्या झाडाला काटे असले तरी आत केवडा जन्मतो, फणसाला काटे पण आत गोडवा, असे दाखले देत अभंग शेवटाला येतो: "शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद." टाळकऱ्यांपैकी एका तरुण मुलाने विचारले, अविंध म्हणजे काय? शब्दाचा मूळ अर्थ 'न टोचलेला' असा आहे. हिंदू घरात कान टोचतात, मुसलमान टोचत नाहीत, म्हणून मुसलमानाला अविंध म्हणत. लोक जो शब्द दुसऱ्याला वेगळे काढण्यासाठी वापरत, तोच शेख महंमदांनी स्वतःच्या नावापुढे लावला. त्यांनी नाव बदलले नाही की ओळख लपवली नाही. हृदयात कोण आहे एवढे सांगितले आणि अभंग संपवला.

विणेकरी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आन् आपण कुणाची पालखी घिऊन चाललोय?" प्रश्न खरोखर नेमका होता. ब्रह्मगिरीच्या गुहेत निवृत्तिनाथांना उपदेश केला तो गहिनीनाथांनी. ही परंपरा गोरक्षनाथांची, म्हणजे कान फाडून त्यात कुंडले घालणाऱ्या कानफाट्या योग्यांची. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचा जो पंथराज, म्हणजे योगाचा मार्ग, वर्णिला आहे, तो याच वाटेने ज्ञानदेवांकडे आला. एका टोकाला कान फाडून घेणारे योगी, दुसऱ्या टोकाला कान न टोचलेला योगी, आणि मधून गळ्यात तुळशीची माळ घालून चाललेली आमची दिंडी.

शेख महंमदांची एक गोष्ट मला ठाऊक होती, पण कंदरच्या वाटेवर केळीच्या बागांच्या कडेने चालताना विणेकऱ्यांनी ती पुन्हा सांगितली. देहूला तुकोबांचे कीर्तन चालू असताना मंडपाने पेट घेतला, तेव्हा श्रीगोंद्यात बसलेल्या शेख महंमदांनी हात चोळून ती आग विझवली आणि त्यांचे तळवे काळे पडले, असे सांगतात. गोष्ट सांगताना त्यांनी वीणा छातीशी धरून आपला उजवा तळवा माझ्यापुढे उघडला. तेव्हाच पहिल्यांदा माझे लक्ष त्यांच्या कानाकडे गेले. पाळीला भोक होते, बाळी नव्हती. मी पाहतो आहे हे ओळखून ते म्हणाले, "दुष्काळात मोडली. बियाणं आणलं." आणि पुढचा अभंग त्यांनी उचलला.