तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांच्या खोल्या

लग्नात, दहाव्याला, स्टँडवर, कुठेही भेटलं की एकच प्रश्न. ‘गुरुजी, शिरपूरला जागा घेऊन कॉलेजच्या पोरांसाठी खोल्या काढायच्या म्हणतो. परवडतं ना?’ मी घुटमळलो की तुम्हाला वाटतं गुरुजी कमाई लपवतात. म्हणून एकदाच सगळं सांगतो.

2014 साली घरावर सहा खोल्या चढवल्या. कर्ज नऊ लाख, हप्ता महिन्याला दहा हजारांच्या आसपास. त्या वेळच्या डायरीत हिशोब आहे: बारा पोरं, प्रत्येकी 1200, बारा महिने. एक लाख बहात्तर हजार आठशे. हे लिहिणारा माणूस आयुष्यभर शाळेत शिकवत होता आणि उन्हाळ्याची सुट्टी विसरला. परीक्षा संपली की पोरं गावी जातात, खोल्या दहाच महिने चालतात. एक लाख चव्वेचाळीस हजार. त्यातून हप्ते वजा केले की चोवीस हजार उरतात, तेही सगळ्या कॉट भरल्या तर. घरपट्टी, पाण्याची मोटर, चुना, मार्चपासून चालणारे कूलर आणि त्यांच्या बिलावरून होणारी भांडणं यातूनच. घरबसल्या पैसा म्हणणाऱ्यांनी एप्रिलच्या दुपारी गच्चीवरची टाकी धुऊन बघावी.

पण मी घुटमळतो ते या हिशोबामुळे नाही.

मार्च 2020 मध्ये कॉलेजं बंद झाली. चार-आठ दिवसांत उघडतील म्हणून पोरं दप्तर घेऊन गेली, बाकी सामान खोल्यांतच राहिलं. भाडं किमान तीन महिने पुढे ढकला, असं एप्रिलमध्ये सरकारने घरमालकांना सांगितलं. रिझर्व्ह बँकेने हप्ते थांबवायची मुभा दिली होती, ती मी घेतली. व्याज मात्र चढत होतं. मार्चचा पगारही पंचाहत्तर टक्केच हातात आला होता. हे मी तेव्हा सगळ्यांना ऐकवायचो. पुढे पगार नियमित होत होता, हे ऐकवत नव्हतो.

जुलैच्या शेवटी शहाद्याकडचे एक शेतकरी ई-पास काढून मोटारसायकलवर आले. पोराचं सामान न्यायला. मी कुलूप काढलं. दोरीवर टॉवेल वाळून पापडासारखा कडक झाला होता. पिठाच्या डब्यात जाळ्या आणि किडे. कॉटवर अर्धवट लिहिलेलं जर्नल, त्यात पट्टी तशीच. त्यांनी पीठ बाहेर नेऊन गाईपुढे टाकलं, डबा धुतला, रुमालाने पुसला. मग दारात उभे राहून म्हणाले, ‘भाऊ, कितला व्हयनात?’

मी म्हणालो, एप्रिल ते जुलै, चार हजार आठशे. डिपॉझिटचे दोन हजार वजा, राहिले अठ्ठावीसशे.

दरवर्षी सुट्टीचं भाडं मी घेत नव्हतो. त्या वर्षी लावलं, कारण सामान खोलीत होतं. ते काही बोलले नाहीत. बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, घामाने ओल्या, शंभरा-पन्नासाच्या. दोनदा मोजल्या. विचारलं, ‘हिसाब बरोबर शे ना?’ मी म्हणालो, बरोबर. गादी, कूलर राहूनच गेलं, ते म्हणाले नंतर नेतो. त्या वर्षी पपईला काय भाव मिळाला, हे मला माहीत होतं. विचारलं नाही.

आणखी एक माहीत होतं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवून घेणं मालकाचं काम आहे. नोंदवला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. 2016 मध्येच वकिलांनी हे सांगितलं होतं. खर्च वाचवायला मी कधीच करार केला नाही. ते ‘सुट्टीचं भाडं ठरलं नव्हतं’ एवढंच म्हणाले असते, तर माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता.

खोली अडली होती, हेही खोटं नाही. भरलेल्या खोलीत दुसरं पोरगं ठेवता येत नाही. सहाही खोल्या अशाच अडलेल्या होत्या, आणि मी काही धर्मशाळा काढलेली नाही. हे सगळं मी मनाशी कितीदा बोललोय. तरी ते उभं राहून पैसे मोजणं डोळ्यापुढून जात नाही.

गादी-कूलर न्यायला कुणी आलं नाही. पोरगं शिकलं की सोडून दिलं, फोन करून विचारायचं धाडस झालं नाही. नंबर आहे.

आता प्रत्येक करार नोंदवतो, आणि त्यात एक ओळ असते: सरकारच्या आदेशाने कॉलेज बंद राहिलं तर त्या काळाचं भाडं नाही. बायको ती ओळ दरवर्षी वाचते आणि विचारते, पुन्हा तसं झालं तर हप्ता कुठून भरायचा? 2029 पर्यंत कर्ज आहे. तिचंही खरं आहे. मी सही करतो.