चार वाजताची खूण

रात्रपाळी संपवून सकाळी घरी आले, आंघोळ झाली, पण झोप लागेना, म्हणून हे लिहीत बसले आहे. कारण सांगितले तर कोणीही हसेल. रुग्णालयातल्या सात नंबरच्या खाटेवरच्या आजींच्या सुनेने आज माझे उपकार मानले, एवढेच ते.

दर दोन तासांनी आजींची कूस बदलायची आणि पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर खूण करायची, हे गेले 41 दिवस चालू आहे. काल रात्री दोन वाजता मी त्यांना डाव्या कुशीवर केले, पाठीशी गोधडीची गुंडाळी लावली, टाचा गादीला टेकणार नाहीत अशा उचलून ठेवल्या आणि खूण केली. तेवढ्यात मावशी धावत आल्या, प्रसूतिकक्षातली बाई आता थांबत नव्हती. पेन हातातच होते. जाता जाता चारच्या चौकटीतही खूण करून मी निघाले. असे पहिल्यांदाच केले, असे लिहिणार होते, पण रोजनिशीत तरी खोटे नको.

तीन चाळीसला बाळ झाले. त्यानंतरचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी रक्तस्राव पाहायचा असतो, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे ना हे चाचपायचे असते. तिथून हलता येत नाही. सात नंबरपाशी पोहोचले तेव्हा सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. आजींना वळवले, तर डाव्या मांडीवर गोधडीच्या टाक्यांची रांगच्या रांग उमटलेली होती आणि खुब्याच्या हाडावर रुपयाएवढी लाली होती. बोटाने दाबली, ती पांढरी झाली, बोट काढताच पुन्हा लाल झाली, तेव्हा मी श्वास सोडला. दाबूनही जी लाली हटत नाही, तिथून पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची पहिली पायरी सुरू होते.

तेवढ्यात सून उठली आणि म्हणाली, "शिस्टर, साडेचारला जाग आली तवा खूण दिसली. माझा डोळा लागला व्हता, तुम्ही कवा येऊन गेलात कळलंबी न्हाई. मला न उठवता एकटीनं फिरवलंत, लई उपकार झाले."

मी "हं" म्हणाले.

त्या लालीचे मला एवढे वाटत नाही. नऊ वाजेपर्यंत ती विरलीही. खुपते आहे ते हे, की तक्ता कोरा असता तर साडेचारला तिनेच आजींना वळवले असते. तिला लिहितावाचता येत नाही, पण चौथी चौकट म्हणजे पहाटेची पाळी, हे तिने केव्हाच ओळखले आहे आणि कूस बदलायची कशी, हे मीच तिला शिकवले आहे. म्हणजे मी नुसती गेले नाही असे नव्हे, जी जाणार होती तिलाही माझ्या खुणेने थांबवले, आणि वर आपण झोपलो याची लाज तिलाच वाटली. आजींना सगळे ठाऊक आहे, पण पक्षाघाताच्या झटक्यात उजव्या बाजूबरोबर त्यांची वाचाही गेली. सकाळी नळीतून दूध देताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते नेहमीसारखेच पाहिले असेल.

माझी तरी काय चूक, असे दुपारपर्यंत मनात घोळवत होते. तीस खाटांचे रुग्णालय, रात्री एक सिस्टर आणि एक मावशी, त्यातच बाळंतपणे, विंचूदंश, अपघात. हवेच्या गादीचा पंप पावसाळ्यापासून बंद आहे. जिल्ह्याहून परत पाठवलेल्या आजींना घरी नेणार कोण, तर मुलगा ऊसतोडीला गेलेला, कोयता उचलल्याशिवाय उचल फिटणार नाही. एकोणीस वर्षांत माझी कंबर गेली, आणि 12 मेला परिचारिका दिनाचे गुलाबाचे फूल मिळते, तेही दुपारपर्यंत माना टाकते. स्वतःची एवढी कीव केल्यावर मलाच कंटाळा आला.

दाबाच्या जखमेचा धोका मोजायची ब्रेडन मोजपट्टी 1987 साली आली. तिच्यात संवेदना, ओलावा, चालणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल, आहार, घर्षण अशा सहा गोष्टींना गुण असतात. जितके कमी, तितका धोका जास्त. आजींचे दहा होतात. नोंद करणाऱ्या बाईला गुण द्यायची सोय त्यात नाही, नाहीतर आमची बेरीजही कळली असती.

निघण्यापूर्वी त्या खुणेवर एक आडवी रेघ मारून मी "राहिले" असे लिहिले आणि सही केली. इनचार्ज सिस्टरांनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, तुझा तक्ता सगळ्यांत स्वच्छ होता, कशाला घाण केलास?" यावर काय बोलणार? हसू आले.

इथवर दुपारी लिहिले होते. संध्याकाळी पुन्हा कामावर आले, तेव्हा सुनेला बाजूला घेऊन सांगितले, "खूण असो नसो, तुला जाग आली की आजींची पाठ हात घालून बघ. गरम, ओलसर लागली तर लगेच वळव, माझी वाट बघू नकोस." याहून स्पष्ट बोलणे मला जमले नाही.

"बघते की," ती म्हणाली, "पर खूण असली म्हंजी तुम्ही येऊन गेलाच असणार." आणि ती गोधडी झटकून तिची घडी घालू लागली, टाक्यांची बाजू आत घेऊन.