एकादशी आणि इन्शुलिन

आज आषाढी, आणि वॉर्डात अर्ध्या आज्या उपाशी. त्यातल्या एक, वय ८० च्या आसपास, गळ्यात तुळशीची माळ, दोन वेळचं इन्शुलिन चालू. सकाळी ट्रेमधली पोळी-भाजी बघून तोंड फिरवलं ते फिरवलंच. फाईलमध्ये नोंद काय, तर "पेशंट रिफ्यूज्ड डाएट". अरे बाबांनो, रिफ्यूज कुठे केलंय, उपास आहे त्यांचा!

शेजारी बसून नुसतं विचारलं, आजी घरी उपासाला काय खाता? तर म्हणे भगर, दाण्याची आमटी, ताक, कधी रताळं. साबुदाणा मीच नको म्हटलं कारण तो नुसता स्टार्च, शुगर सटकन वर जाते. डॉक्टरांना फोन करून डोस बदलून घेतला, सुनेला भगर आणायला सांगितलं आणि दुपारी एक्स्ट्रा शुगर चेक लावला. मग आजींशी सरळ ठरवलं की ७० च्या खाली गेली तर उपास असो नसो, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची. त्यावर आजी म्हणतात कशा, "अगं बाय, साखर चालती की उपासाला, तू कशाला एवढी घाबरतीस!" 😄

दुपारची शुगर १३२ आली, आजींनी शेजारच्या बेडला पण सांगून टाकलं.

ॲडमिशन फॉर्मवर धर्माचा कॉलम असतो, उपास कधी आणि चालतं काय हे विचारायला मात्र एक ओळ नाही. मी पेनानेच लिहायला लागलीये आता.